मोदकाच्या साच्यातला नाताळ

मुलांनो, डिसेंबर उजाडला की माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो चौथीतल्या एका मुलीनं विचारला. मधल्या सुट्टीत डबा संपवून ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, नाताळात शेजारच्या आंटींना काहीतरी द्यायचंय. ग्रीटिंग नको, दरवर्षी तेच देते मी. आणि विकतचं नको, कारण माझ्याकडे पैसे नाहीयेत."

तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. घरीच एक खाऊ करायचा, त्याला आपल्याला हवे ते आकार द्यायचे आणि ताटलीत मांडून नेऊन द्यायचा. खाऊचं नाव मिल्क क्रीम. नाव ऐकून क्रीमच्या बिस्किटासारखं काहीतरी वाटेल, पण ही आहे दूध, साखर आणि काजूची मऊ वडी. आपल्या पेढ्याची मावसबहीण म्हणा ना! लोणावळ्याला गेलात तर चिक्कीच्या दुकानांतून फज नावाची वडी मिळते, तीही याच घराण्यातली. फरक इतकाच, की मिल्क क्रीमच्या चौकोनी वड्या पाडत नाहीत. तिचे मासे करतात, शिंपले करतात, गुलाब आणि द्राक्षांचे घोस करतात.

हे सगळं मला ठाऊक कसं? तर माझं लहानपण वसई तालुक्यातल्या एका गावात गेलं. आमच्या घराला लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. राज्य गेलं, पण त्या दोनशे वर्षांत रुजलेल्या कितीतरी गोष्टी मागे राहिल्या. आता काजूचंच घ्या. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. युरोपात बदाम वाटून मार्झिपन नावाची मिठाई करतात, आपल्याकडे त्याच मिठाईत काजू आला. वसईचे, मुंबईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती लोक नाताळात जे पदार्थ करतात त्यांत युरोपातलंही थोडं आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातलं तर भरपूर आहे. नेवरी पाहाल तर म्हणाल, ही तर आमची करंजी! कलकल म्हणजे शंकरपाळ्यासारख्याच पिठाचे, काट्याच्या पाठीवर वळून तळलेले छोटे शिंपले. गोव्यात त्यात दोदोल आणि बेबिंकाची भर पडते.

आमच्या शेजारच्या मावशी (मी त्यांना मावशीच म्हणायची) डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिल्क क्रीम करायला घ्यायच्या. त्यांच्याकडे रबराचे साचे होते. विटकरी रंगाची वहीएवढी जाड पट्टी आणि तिच्यात खोलगट आकार. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. आम्हा दोघींचं काम एकच, साच्याला लोण्याचं बोट फिरवायचं, गोळा दाबून बसवायचा आणि साचा मागून वाकवायचा. टप्पकन मासा बाहेर! दर दहा माशांमागे एक मासा तोंडात जायचा, तो मावशींना दिसत असूनही दिसायचा नाही.

चोवीस तारखेला संध्याकाळी मावशींचं ताट आमच्या घरी यायचं. वर क्रोशाचा रुमाल झाकलेला. ते ताट आई लगेच परत द्यायची नाही. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं ना! संक्रांतीला त्याच ताटात तिळगूळ घालून ते घरी पोचायचं. दिवाळीत आमचं ताट तिकडे जायचं. अशी ताटांची ये-जा वर्षभर सुरू असायची.

1999 साली मी चौथीत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मावशींचे यजमान वारले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांची केळीची वाडी होती. आपल्याकडे ज्या घरी कुणी गेलं त्या घरी त्या वर्षी दिवाळीचा फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे लोक नेऊन देतात. तसंच त्यांच्या घरीही त्या वर्षी नाताळचं गोड होणार नव्हतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली रोज मैत्रिणीला विचारत होते, "साचे कधी काढायचे?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती काहीच न बोलता घरात निघून गेली. आणि मग घरी आईनं मला समजावून सांगितलं. इतकी लाज वाटली मला! आजही आठवलं की कान गरम होतात.

दोन दिवसांनी आईच म्हणाली, "दिवाळीचा फराळ आपण दिलाच की नाही त्यांना? मग नाताळचंही आपणच देऊ."

पण द्यायचं कसं? मिल्क क्रीम आईनं जन्मात केलं नव्हतं. मावशींना विचारायची सोय नव्हती. मला साचे भरायचे कसे ते पक्कं माहीत होतं, पण त्याच्या आधी चुलीवर काय होतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आईला पेढे येत होते. म्हणजे पुढचं अर्धं मला येत होतं, मागचं अर्धं आईला, आणि मधला भाग दोघींनाही नाही. शिवाय साचे मावशींच्या कपाटात!

आईनं फळीवरून मोदकाचा साचा काढला. ॲल्युमिनियमचा, गणपतीत खव्याचे मोदक करायचा. "हा चालेल का?" असं तिनं मला विचारलं. आईनं मला विचारावं आणि मी हो म्हणावं, हे तोवर कधी झालं नव्हतं. मी मोठ्या रुबाबात हो म्हणाले.

आता करायचं कसं ते सांगते. आधी एक अट. शेगडीजवळचं सगळं काम मोठ्या माणसानं करायचं, तुम्ही बाजूला उभं राहून पाहायचं. उगाच भीती घालत नाही. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, पण साखरेचा पाक त्याहून पुष्कळ जास्त तापतो, आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो. तेव्हा हट्ट नको. तुमचं काम पुढे आहे, आणि तेच जास्त मजेचं आहे.

सामान लागतं ते असं : एक लिटर म्हशीचं दूध, पाव किलो साखर, 100 ग्रॅम काजू, दोन चमचे लोणी किंवा तूप आणि व्हॅनिला इसेन्सचे चार थेंब. व्हॅनिला नसेल तर वेलची घाला, काही बिघडत नाही. काजू महाग आहेत हे मला माहीत आहे. निम्मे काजू आणि निम्मी दूधपावडर घेतली तरी जमतं. किंवा सगळं सामान निम्मंच घ्या. एवढ्या सामानात अर्ध्या किलोहून थोडं जास्त मिल्क क्रीम होतं, म्हणजे लहान लहान पन्नासेक नग. एका शेजारणीला पन्नास मासे कशाला हवेत?

काजू मिक्सरमधून कोरडेच फिरवायचे, पण थांबून थांबून. सलग फिरवले तर काजूला तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा हाती येतो. पूड चाळून घ्या. चाळणीत उरलेले कण तुमचे.

दूध जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या कढईत आटवायचं. रुंद का? दुधातलं पाणी वाफ होऊन जातं ते वरच्या पृष्ठभागावरून. जितका पृष्ठभाग मोठा, तितकं पाणी लवकर उडतं. उंच पातेल्यात तेच काम तासन्‌तास चालेल. दूध साधारण एक तृतीयांश झालं, बासुंदीहून दाट दिसायला लागलं, की साखर घालायची. आणि इथे प्रत्येकजण घाबरतो, कारण इतका वेळ आटवलेलं दूध साखर पडताच पुन्हा पातळ होतं! घाबरू नका. साखर दुधात उरलेल्या पाण्यात विरघळते, म्हणून सगळंच पातळ दिसतं. आणखी थोडं पाणी उडालं की परत घट्ट होतं. मग काजूची पूड घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. थांबलात तर बुडाला लागेल.

आम्ही 1999 साली नेमक्या याच जागी फसलो. आईनं पेढ्याच्या हिशेबानं सगळं बरोबर केलं, पण मिश्रण कढईत मऊ दिसत होतं म्हणून मी म्हणत राहिले, "आई, अजून. मावशींचं घट्ट असतं." मावशींचं घट्ट असायचं ते निवल्यावर, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आईनं माझं ऐकलं. (त्या दिवशी ती माझं फारच ऐकत होती.) निवल्यावर कढईत जे उरलं ते मोदकाच्या साच्यात घातलं, तर साचा उघडताच भुगा झाला. चव चांगली होती हो. पण भुग्याचा मासा होत नाही.

असं का झालं ते मला पुढे मोठेपणी कळलं. साखरेच्या पाकातलं पाणी जसजसं कमी होतं तसतसा पाक जास्त अंशांवर उकळायला लागतो. म्हणजे पाक किती तापलाय यावरून त्यात पाणी किती उरलंय ते समजतं. 112 ते 116 अंशांच्या दरम्यान अशी अवस्था येते की पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला तर बोटांनी त्याची मऊ गोळी होते. आपल्या आज्यांनी थर्मामीटर कधी पाहिला नाही, पण याला नाव अचूक दिलं : गोळीबंद पाक. त्याआधीचे एकतारी, दोनतारी हेही असेच अंश मोजायचे प्रकार, फक्त दोन बोटांत मोजायचे. आमचं मिश्रण त्या गोळीबंदच्या बरंच पुढे गेलं होतं. पाणी फारच कमी उरलं आणि साखर पुन्हा दाणे धरून बसली.

दाण्यांचंही ऐका, कारण वडी मऊ की खरखरीत हे सगळं त्यावर ठरतं. साखर म्हणजे मुळात स्फटिक. पाण्यात विरघळली तरी संधी मिळताच तिला पुन्हा स्फटिक व्हायचं असतं. स्फटिक मोठे झाले तर जिभेला खरखर लागते, अगदी बारीक राहिले तर वडी लोण्यासारखी वाटते. म्हणून अमेरिकेत फज करताना पाक गोळीबंद झाला की कढई उतरवून ठेवतात, कोमट होईपर्यंत त्याला हातही लावत नाहीत, आणि मग जोरजोरात घोटतात. गरम असताना ढवळलं तर थोडे पण मोठे स्फटिक होतात, कोमट झाल्यावर घोटलं तर एकदम असंख्य बारीक स्फटिक होतात. आपल्या मिल्क क्रीममध्ये दुधातली प्रथिनं, स्निग्धांश आणि काजू हे साखरेच्या कणांच्या मध्ये मध्ये येऊन बसतात, त्यामुळे ती सतत ढवळली तरी निभावून जाते. पण कढईच्या कडेला चिकटून वाळलेली साखर खरवडून आत लोटू नका. तो एकेक कण म्हणजे दाणे धरायला मिळालेलं बी असतं.

फजचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत व्हासार नावाचं मुलींचं कॉलेज होतं. (कॉलेज अजून आहे, आता तिथे मुलगेही शिकतात.) तिथल्या एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज या विद्यार्थिनीनं एका पत्रात लिहून ठेवलंय, की तिच्या एका वर्गमैत्रिणीची चुलत-मावस बहीण बाल्टिमोर शहरात 1886 साली फज करायची आणि 40 सेंटला पौंड या भावानं ती विकली जायची. हार्ट्रिजनं ती कृती मिळवली आणि 1888 साली कॉलेजातल्या एका लिलावासाठी 30 पौंड फज केली. म्हणजे साडेतेरा किलो! तेव्हापासून मुलींच्या कॉलेजांतून फजचं वेड पसरत गेलं. साखर, साय, चॉकलेट आणि लोणी, एवढंच काय ते सामान. कुणा हलवायानं नाही, शिकणाऱ्या मुलींनी ती एकमेकींना शिकवली.

बरं, आपली कढई करपायच्या आत परत येऊ या.

मिश्रण कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागलं की परीक्षा घ्यायची. वाटाण्याएवढं मिश्रण बशीत काढा, गार होऊ द्या आणि बोटांवर वळून बघा. बोटांना न चिकटता गोळी झाली की गॅस बंद. कढईत ते अजून मऊ दिसेल, दिसू दे. चुकून पुढे गेलंच तर फेकू नका. दोन-तीन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर पुन्हा परता, बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. सैल राहिलं तर आणखी पाच मिनिटं परता. आम्ही त्या दिवशी भुग्यात दूध घालायला हवं होतं, पण आम्हाला सुचलं नाही. तो भुगा आम्ही पुढे चार दिवस पोळीबरोबर खाल्ला.

आईनं मग डबा उघडून पैसे मोजले. महिनाअखेर होती. "अर्धाच लिटर आणते. या वेळी तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. मी अजिबात बोलले नाही. या खेपेला जमलं.

आता तुमचं काम. मिश्रण हाताला सोसेल इतकं निवलं की त्यात व्हॅनिला घालायचा, हाताला लोणी लावायचं आणि पोळीच्या कणकेसारखं मळायचं. मळून मळून ते गुळगुळीत आणि चमकदार होतं. हात आधी साबणानं धुवायचे, नखं कापलेली हवीत. आणि मळताना नाक खाजतंच, त्याला इलाज नाही, पण नाकाला हात लावलात तर हात पुन्हा धुवायचे. रंग हवा असेल तर थोडा गोळा वेगळा काढून त्यात बिटाच्या रसाचे थेंब घाला, गुलाबी होतो. दुधात खललेल्या केशरानं पिवळा. दोन चमचे कोको मळलात तर तपकिरी होतो आणि चवही जवळजवळ चॉकलेट फजसारखी लागते. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर वरून वाळून त्याला चिरा पडतात.

साचे आता बाजारात सिलिकॉनचे मिळतात, गाडीपासून डायनासोरपर्यंत सगळे. असतील तर वापरा. पण त्यासाठी कुणी बाजार गाठू नये. मोदकाचा साचा बऱ्याच घरांत असतो. एक मात्र पाहा, साचा खाण्याच्या पदार्थासाठीचाच हवा. मातीकामाच्या खेळातले साचे किंवा जुनी खेळणी यासाठी चालणार नाहीत, ती धुतली तरी नाहीत.

आणि खरं सांगू का, मला स्वतःला हातानं केलेले आकार जास्त आवडतात. संत्र्यासाठी छोटा गोळा वळायचा आणि किसणीच्या पाठीवर हलकेच फिरवायचा. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे उमटतात. देठाच्या जागी लवंग खोचायची. पान हवं तर चपटा लांबट तुकडा घेऊन सुरीच्या पाठीनं शिरा ओढायच्या. शिंपला हवा तर काट्याच्या पाठीवर दाबायचा. लवंग किंवा मिरी लावलीत तर ताटली देताना सांगायला विसरू नका, नाहीतर कुणीतरी कचकन चावेल.

पण आकार कुठला करायचा? वर्गात मी मुलांना सांगते, की ज्याला द्यायचं त्या माणसाकडे आधी बघा. मागच्या वर्षी आम्ही वर्गात हाच उद्योग केला होता. (मिश्रण मी घरून करून नेलं होतं.) शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंसाठी दोघींनी पळी केली. एकाचे मामा एसटीचे ड्रायव्हर, त्यानं बस केली आणि चाकांना चारोळ्या लावल्या. बस बेडकासारखी दिसत होती, पण तपकिरी बेडूक न होता तांबडा झाला होता, म्हणून मामांनी ओळखली म्हणे. सगळ्यांत हुशार निघाला तो एक मुलगा, ज्याचे आजोबा पोस्टात होते. त्यानं चौकोनी तुकडा पाडला, सुरीनं वर दोन तिरक्या रेघा ओढल्या, झालं पाकीट! आजोबांनी ते खाल्लं नाही, कपाटात ठेवलं आणि मुंग्या लागल्या. त्यामुळे पालकांना माझी विनंती, मुलांनी दिलेलं कृपा करून खा. मिल्क क्रीम बाहेर दोन दिवस टिकतं, फ्रिजमध्ये झाकण लावून आठवडाभर, कपाटात नाही. आणि ज्यांना काजू सोसत नाही किंवा साखर वर्ज्य आहे अशांना विचारल्याशिवाय देऊ नका.

1999 सालचं राहिलंच. अर्ध्या लिटरचे बावीस मोदक झाले. मैत्रिणीला मासा आवडायचा, दरवर्षी पहिला मासा तिचाच. म्हणून शेवटच्या गोळ्याचा मी हातानं मासा केला. चमच्याच्या टोकानं खवले काढले, डोळ्याला मिरी लावली. चोवीस तारखेला संध्याकाळी आम्ही ताट घेऊन गेलो. आईनं त्याच्यावर आमचा साधा पांढरा रुमाल टाकला होता. दार मैत्रिणीनंच उघडलं. मावशी आतून आल्या, रुमाल उचलला आणि बघतच राहिल्या. मोदक! नाताळात! आई म्हणाली, "साचा एवढाच होता हो घरात." मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आईचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेल्या. आम्ही दोघी दारातच. बारा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. तिनं ताटात पाहिलं आणि विचारलं, "हा उंदीर कशाला केलास? गणपतीचा आहे का?"

मोदकांच्या घोळक्यात तो खरंच उंदीर दिसत होता. आधी तिला हसू आलं, मग मला. आतून आईनं हाक मारली तरी आमचं हसू थांबेना. उंदीर तिनंच खाल्ला, शेपटीकडून.

ताट संक्रांतीच्या आधीच परत आलं, केळ्यांची अख्खी फणी घालून. आणि पुढच्या वर्षी, 2000 सालच्या नाताळात, मावशींनी पुन्हा साचे काढले. चोवीस तारखेला क्रोशाच्या रुमालाखाली ताट आलं. गुलाब होते, शिंपले होते, द्राक्षं होती. मधोमध हातानं केलेला एक उंदीर होता, मिरीच्या डोळ्याचा.

हे ऐकल्यावर चौथीतल्या त्या मुलीनं मला एकच विचारलं, "बाई, पण तुमचा मासा चुकला कुठे?" शेपटीत चुकला. मी शेपूट बारीक आणि लांब वळली होती. माशाची शेपूट आखूड ठेवायची, टोकाशी चपटी दाबायची आणि सुरीनं मधे एक खाच द्यायची. शिवाय पाठीवर एक पर लावायचा. तो लावलात की मग तुमच्या माशाला कुणी उंदीर म्हणणार नाही.